संगणकाची रोजकीर्द कशी वाचावी

मंडळी, तत्त्वज्ञानाचा मास्तर संगणकावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. शंका रास्त आहे. आम्ही संगणक दुरुस्त करणारे नाही. पण तर्कशास्त्र शिकवण्यात आमची हयात गेली, आणि आजचा प्रश्न मुळात तर्काचाच आहे. एका गोष्टीपाठोपाठ दुसरी घडली, तर पहिली दुसरीचं कारण ठरते का?

कासारसाईपासून हिंजवडीचं आयटी पार्क जवळच. घरची मुलं तिकडे कामाला जातात आणि घरातल्या लॅपटॉपवर सात-बारा, वीजबिल, बँक, नातवंडांशी बोलणं हे सगळं आता आजी-आजोबांकडे आलेलं आहे. हे बहुतेक ब्राउझरमधून होतं. म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स यांपैकी कशातून तरी. मग एक दिवस कोणीतरी 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची खिडकी उघडून दाखवतं. तिथे लाल खुणांची रांगच्या रांग! त्यातल्या कित्येक खुणा ब्राउझर उघडला त्याच मिनिटाच्या. माणूस घाबरतो. आणि घाबरलेल्या माणसाकडून काहीही करून घेता येतं. म्हणून हा विषय.

आधी ही खिडकी म्हणजे काय ते पाहू. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडी तुकडा समुद्रात सोडत. त्या तुकड्याला इंग्रजीत लॉग म्हणत. मोजलेला वेग ज्या वहीत लिहायचा ती लॉगबुक. पुढे जहाजावर घडलेलं सगळंच त्या वहीत लिहू लागले. संगणकवाल्यांनी तोच शब्द उचलला. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : रोजकीर्द. दुकानदार दिवसभराची देवघेव जशी घडेल तशी ओळीने लिहीत जातो. त्यात कोण खरं, कोण खोटं याचा निवाडा नसतो.

विंडोजची रोजकीर्द उघडणं सोपं आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत इव्हेंट व्ह्यूअर असं इंग्रजीत लिहायचं. डावीकडे 'विंडोज लॉग्ज' दिसेल, त्याखाली 'अ‍ॅप्लिकेशन' आणि 'सिस्टम' अशा दोन मुख्य वह्या. पहिलीत प्रोग्रामांच्या नोंदी, दुसरीत खुद्द यंत्रणेच्या. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी पाहायच्या : किती गंभीर, केव्हा, कोणी नोंदवली आणि नोंदीचा क्रमांक कोणता. लाल रंगाकडे पाहू नका, क्रमांकाकडे पाहा. निरोगी संगणकातसुद्धा लाल खुणा असतातच.

आता तीन नोंदी घेऊ. तिन्ही ब्राउझर वापरताना दिसू शकतात, पण तिन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे.

पहिली, क्रमांक १००१६. नोंदवणाऱ्याचं नाव 'डिस्ट्रिब्यूटेड कॉम'. परवानगी नाकारली गेली, असा तिचा मजकूर असतो आणि ती पुन्हा पुन्हा येते. मायक्रोसॉफ्टने स्वतःच तिचा खुलासा केलेला आहे. विंडोजचा एखादा घटक दुसऱ्या घटकाकडे आधी एका पद्धतीने मागणी करतो. ती नाकारली गेली, की दुसऱ्या पद्धतीने करतो आणि काम होतं. पुढच्या दाराला कडी होती, म्हणून माणूस मागच्या दाराने आत आला. रोजकीर्दीने मात्र पुढचं दार बंद होतं एवढंच लिहिलं. ही नोंद दुर्लक्षिली तरी चालते; तिच्यासाठी परवानग्यांमध्ये ढवळाढवळ करू नका, असा कंपनीचाच सल्ला आहे. उपद्व्यापी लोक तेवढं करायला जातात आणि चांगलं चाललेलं यंत्र बिघडवून बसतात.

दुसरी, क्रमांक ४१०१, नोंदवणारा 'डिस्प्ले'. पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो. नोंद सांगते की चित्र काढणाऱ्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, उत्तर देईनासा झाला होता आणि पुन्हा उभा केला. विंडोज त्या चिपची साधारण दोन सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हरला नव्याने सुरू करते. आजचे ब्राउझर व्हिडिओ आणि जड पानं रंगवण्याचं काम याच चिपवर टाकतात. त्यामुळे यूट्यूब लावलं की नोंद, बंद केलं की नोंद नाही.

तिसरी, क्रमांक ७, नोंदवणारा 'डिस्क'. डिस्कवर खराब जागा सापडली, असं ती सांगते. ब्राउझर सतत बारीकसारीक मजकूर डिस्कवर साठवत असतो, त्यामुळे झिजलेली डिस्क त्याच्या वापरात उघडी पडू शकते. या नोंदीकडे मात्र काणाडोळा करायचा नाही. ती पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. फोटो, कागदपत्रं, हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

पाहा, निमित्त एकच, ब्राउझर. पण पहिल्या नोंदीत काहीच बिघाड नाही, दुसरीत दोष चिपच्या बाजूला आहे, तिसरीत डिस्कच जायला आली आहे. 'ब्राउझरमुळे एरर येते' हे एकच वाक्य तिन्हींना लावलं, तर पहिल्या ठिकाणी उगाच धावपळ होईल आणि तिसऱ्या ठिकाणी घरचे फोटो जातील.

इथे आपले नैयायिक कामाला येतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात कारणाची व्याख्या आहे. कार्याच्या आधी जे नियमाने असतं ते कारण. पण एवढ्यावर भागत नाही, कारण आधी असणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. मडक्याच्या आधी कुंभार होता, तसा कुंभाराचा बापही होता आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव मडक्याचं कारण का? न्यायशास्त्र म्हणतं, नाही. ते 'अन्यथासिद्ध' आहे. माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच. आपल्या साध्या भाषेत, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. रोजकीर्द वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : ब्राउझर इथे कुंभार आहे, गाढव आहे, की कावळा?

हे ठरवायची रीतही आपल्याकडे आहे, अन्वय-व्यतिरेक. हे असताना ते असतं का, आणि हे नसताना ते नसतं का? इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात अशाच रीती मांडल्या. त्यातली नेमकी गोष्ट अशी की एका वेळी एकच बाब बदलायची.

तर वही-पेन घ्या आणि असं करा. संगणक 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' नको, कारण अनेक लॅपटॉपवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं आणि शटडाउननंतरही यंत्रणेचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो. आता तासभर ब्राउझर उघडू नका. एक अडचण लक्षात ठेवा. क्रोम बंद केला तरी तो मागे चालू राहू शकतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली तशी परवानगी असते, ती आधी काढून घ्या. नाहीतर ब्राउझर नाही असं तुम्ही समजाल, आणि तो असेल. ब्राउझर नसतानाही नोंद आली, तर कावळा उडाला. विषय संपला.

आली नाही, तर ब्राउझर उघडा आणि घड्याळ पाहा. त्याच मिनिटाला नोंद येते का? एकदा आली तर तो योगायोग असू शकतो; चार-पाचदा करून पाहा. मग 'इनकॉग्निटो' खिडकी उघडा. तिथे जोडलेली एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. नोंद थांबली, तर संशय एक्स्टेन्शनवर. ती एकेक करून चालू करत जा. तरी येतच राहिली, तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद करून पाहा. शेवटी दुसरा ब्राउझर.

पण मंडळी, अन्वय-व्यतिरेक दोन्ही जुळले तरी घाईने निकाल द्यायचा नाही. शेतावर मोटार चालू केली की फ्यूज उडतो, बंद ठेवली की उडत नाही. मोटार दोषी का? असेलही. पण वायर जुनी असेल, तर त्याच भाराचं दुसरं काहीही लावलं तरी फ्यूज उडणारच. म्हणून तसाच दुसरा भार लावून पाहायचा. ४१०१ ची नोंद क्रोममध्ये येते, फायरफॉक्समध्ये येते आणि नुसता व्हिडिओ प्लेअर लावला तरी येते, तर ब्राउझर सुटला. दोष ड्रायव्हरमध्ये असेल किंवा चिप तापत असेल. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, पंख्यातली धूळ काढा. अ‍ॅक्सलरेशन बंद केल्याने नोंद थांबते हे खरं, पण ते मोटार न लावण्यासारखं झालं. सोय झाली, दुरुस्ती झाली नाही.

रोजकीर्दीची आणखी एक मर्यादा सांगतो. तिला घराबाहेरचं काही दिसत नाही. क्रमांक ४१ ची 'कर्नल-पॉवर' नोंद एवढंच म्हणते की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. ब्राउझर चालू असताना गावातली वीज गेली आणि बॅटरी उतरलेली होती, तरी हीच नोंद. महावितरणचं नाव तिथे सापडणार नाही. ते माणसाने स्वतः आठवायचं असतं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. फोन येतो, 'आम्ही कंप्युटर कंपनीतून बोलतोय, तुमच्या मशीनमधून एरर येतायत.' मग इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात, लाल खुणा मोजायला लावतात. पुढे दूरून संगणक चालवण्याचं अ‍ॅप घालायला सांगतात, आणि शेवटी पैसे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा सहा टोळ्यांवर कारवाई जाहीर केली, आणि त्यांतल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. तेव्हा फसणारे परदेशातले म्हातारे होते. आज आपलीही माणसं फसतात. दोन्ही टोकांना आपलीच माणसं, ही शरमेची गोष्ट आहे. शहाणपण दोन्हीकडे पोचायला हवं : फोन घेणाऱ्या आजोबांकडे, आणि नोकरी म्हणून असा फोन लावायला बसणाऱ्या मुलाकडेही.

त्या ठगाचं तर्कशास्त्र नीट पाहा. त्याने दाखवलेल्या नोंदी खऱ्याच असतात. खोटा असतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष. शेवटी तो 'क्लिअर लॉग' दाबतो, खुणा नाहीशा होतात आणि आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली. पान फाडलं म्हणून कर्ज फिटत नाही. तिथे तर मुळात कर्जच नव्हतं!

लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्ट आपण न बोलावता असा फोन करत नाही आणि तिच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर नसतो. असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. उशीर झाला की ते पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात. आणि घरातल्या कोणी असं काही केलं असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने माणूस गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात मोलाचे तास जातात.

आज घरी गेल्यावर ती खिडकी एकदा स्वतः उघडून पाहा. सगळं ठीक चाललेलं असतानाच पाहा. लाल खुणा दिसतील. त्यांचे क्रमांक वहीत उतरवून ठेवा. उद्या कोणी त्याच खुणा दाखवून भीती घालू लागला, तर तुम्ही त्याला शांतपणे सांगू शकाल, 'या तर पूर्वीपासून आहेत, आणि माझं काम काही अडलेलं नाही.'