मृत व्यक्तीचे प्राप्तिकर विवरणपत्र आणि परतावा

माणूस गेला तरी त्याचे करखाते लगेच बंद होत नाही. प्राप्तिकर कायद्यानुसार मृताचे विवरणपत्र भरण्याची आणि थकलेला कर चुकता करण्याची जबाबदारी कायदेशीर वारसावर येते. मात्र ही जबाबदारी मृताच्या मालमत्तेतून भागेल तेवढीच; वारसाच्या स्वतःच्या कमाईला सहसा हात लागत नाही.

१ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न मृताच्या पॅनवर दाखवतात. पुढचे व्याज किंवा भाडे वारसांचे किंवा मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचे. घोळ होतो तो इथेच: बँकेला कळवले नाही, तर ठेवींवरचा टीडीएस मृताच्याच पॅनवर कापला जात राहतो आणि त्याचे श्रेय मिळवताना वारसाची दमछाक होते.

विवरणपत्र भरण्याआधी वारसाला आयकर पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. वारस प्रमाणपत्र, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश यांपैकी एक पुरावा चालतो. बँकेतले नामनिर्देशन म्हणजेच वारसा हक्क, हा घरोघरीचा गैरसमज.

जादा कापलेला कर परत हवा असेल, तर उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरावेच लागते. मृताचे खाते बंद झाले असल्यास परताव्यासाठी वारसाचे पडताळलेले खाते द्यावे. पॅन रद्द करण्याचा अर्ज परतावा जमा झाल्यावरच करावा.