सोळा साच्यांत माणूस बसतो का? पर्सनॅलिटी टेस्टमध्ये किती तथ्य आहे?

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये नाव, गाव आणि कॉलेजच्या जोडीला ‘आयएनएफपी’ किंवा ‘ईएनटीजे’ अशी चार अक्षरं दिसली, तर ती कुठली डिग्री नसते. तो एका प्रश्नावलीचा निकाल असतो. ‘गर्दीत गेल्यावर मला उत्साह वाटतो’, ‘मी कामं शेवटच्या क्षणापर्यंत ढकलतो’ अशा विधानांवर सहमत की असहमत, ते निवडायचं. दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीनवर उत्तर येतं: जगातल्या सोळा प्रकारच्या माणसांपैकी तुम्ही अमुक प्रकारचे. सोबत एक छानसं नाव, एक चित्र आणि चार परिच्छेदांचं वर्णन. ते वाचून बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच असते, ‘अरे, हा तर मीच!’ मग स्क्रीनशॉट स्टोरीवर जातो.

करमणूक म्हणून यात काही वावगं नाही. अडचण सुरू होते ती या अक्षरांवरून निर्णय घ्यायला लागल्यावर. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावाचं उदाहरण घ्या. जवळच धाटावची एमआयडीसी, तिथल्या रासायनिक कंपन्या, हाकेच्या अंतरावर रोहा स्टेशन. इथल्या दहावी-बारावीच्या मुलांपुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला असतो. आयटीआय करून जवळच नोकरी बघायची, सायन्स घेऊन इंजिनीअरिंगकडे जायचं, की कॉमर्स करून पनवेल-मुंबईची वाट धरायची? तेवढ्यात मोबाइलवरची एखादी रील सांगते, ‘तुमचा टाइप आयएनटीजे असेल तर संशोधक व्हा, ईएसएफपी असेल तर ऑफिसात बसूच नका.’ सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हे मनावर घेतलं, तर त्याच्या पुढच्या काही वर्षांचा प्रश्न असतो. म्हणून ही अक्षरं आली कुठून आणि त्यांच्यावर किती विसंबावं, हे पाहायला हवं.

जावयामुळे सुरू झालेली चाचणी

या चार अक्षरांचं मूळ ‘मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर’ म्हणजे एमबीटीआय या चाचणीत आहे. ती तयार केली कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. कॅथरिनचं शिक्षण शेतीशास्त्रातलं, तर इसाबेलचं राज्यशास्त्रातलं. इसाबेलने एक रहस्यकथाही लिहिली होती आणि तिला बक्षीस मिळालं होतं.

कॅथरिनला माणसांच्या प्रकारांची गोडी लागली त्यात तिच्या होणाऱ्या जावयाचा मोठा वाटा होता. क्लेरन्स मायर्स हा मुलगा आपल्या घरातल्या माणसांपेक्षा इतका वेगळा कसा, हे तिला समजून घ्यायचं होतं. (जावई समजत नाही म्हणून थेट सिद्धांत रचायला घेणारी सासू तशी विरळाच.) पुढे स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचं १९२१ सालचं ‘मानसशास्त्रीय प्रकार’ या विषयावरचं पुस्तक इंग्रजीत आलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यातूनच लोकप्रिय झाले. मायलेकींनी त्याचा आधार घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाखो अमेरिकन स्त्रिया प्रथमच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागत होत्या. कुणाला कुठलं काम मानवेल हे ठरवायला मदत व्हावी, म्हणून इसाबेलने प्रश्नावली बनवायला घेतली.

हेतू चांगलाच होता. पण युंग यांनी मांडलेल्या कल्पना रुग्णांच्या आणि माणसांच्या निरीक्षणातून आलेल्या होत्या, मोजमापातून नव्हे. शिवाय शंभर टक्के अंतर्मुख किंवा शंभर टक्के बहिर्मुख माणूस सापडत नाही, हे युंग स्वतःही मानत. प्रश्नावलीने मात्र प्रत्येकाला या किंवा त्या बाजूला बसवलं. चार जोड्या, प्रत्येक जोडीतून एक अक्षर, असे झाले सोळा प्रकार.

आज मोबाइलवर फुकट मिळणारी सर्वांत लोकप्रिय चाचणी ही मूळ एमबीटीआय नव्हेच. ती वेगळ्या कंपनीची आहे. तिने अक्षरं तीच ठेवली आणि शेवटी आणखी एक जोडलं.

रोहा आणि कोलाडमधली रेघ

या चाचणीतली मुख्य खोट कळायला वरसेकरांना लांब जावं लागणार नाही. रोहा स्टेशन मध्य रेल्वेचं. पुढचं कोलाड कोकण रेल्वेचं. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते. कागदावर ही रेघ अगदी स्पष्ट आहे. अलीकडे एक प्रशासन, पलीकडे दुसरं. पण रेघेच्या दोन्ही बाजूंची जमीन, भातशेती आणि पाऊस सारखाच असतो. रोहा आणि कोलाड यांच्यात जेवढा फरक आहे, त्याच्या कितीतरी पट फरक कोलाड आणि कारवारमध्ये आहे. तरी नियमाने कोलाड आणि कारवार ‘एकाच’ रेल्वेवर येतात.

टाइप टेस्ट नेमकं हेच करते. हजारो लोकांची बहिर्मुखता मोजली, तर बरीच माणसं मधल्या भागात सापडतात आणि दोन्ही टोकांना थोडीच. उंचीचंही तसंच असतं. उंच आणि बुटके असे माणसांचे दोन वेगळे कळप नसतात. चाचणी नेमकी मधोमध, जिथे सर्वांत जास्त गर्दी आहे तिथेच रेघ मारते. मग ४९ गुणांचा माणूस अंतर्मुख आणि ५१ गुणांचा बहिर्मुख ठरतो. ५१ वाला आणि ९५ वाला एकाच गटात जातात, जरी ५१ वाल्याचा खरा सखा ४९ वालाच असतो.

याचा परिणाम म्हणजे निकाल टिकत नाही. आज झोप झाली नाही, काल मित्राशी भांडण झालं, एवढ्या कारणानेही मधला माणूस रेघ ओलांडू शकतो. काही आठवड्यांच्या अंतराने तीच चाचणी पुन्हा घेतलेल्या काही अभ्यासांत जवळपास निम्म्या लोकांचं निदान एक अक्षर तरी बदललं. वजनकाट्याने महिन्याभरात निम्म्या गिऱ्हाइकांची जात बदलली, तर तो काटा कुणी दुकानात ठेवणार नाही.

रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये एमबीटीआयची छाननी केली. प्रश्न अगदीच निरर्थक नव्हते. त्यांतून मिळणारे गुण स्वभावाच्या इतर मोजमापांशी बऱ्यापैकी जुळत होते. पण माणसं वेगवेगळ्या प्रकारांत विभागलेली असतात याला मात्र आधार सापडला नाही. म्हणजे गुण ठेवा, अक्षरं सोडा.

मग ‘हा तर मीच’ असं का वाटतं?

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला लेखी निकाल दिला. तो आपल्याला किती लागू पडतो, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग फोररने गुपित फोडलं. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातली बहुतेक वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

ही वाक्यं कशी असतात हे दिनदर्शिकेच्या मागचं भविष्य वाचणाऱ्यांना सांगायला नको. तुम्ही वरून शांत दिसता पण आत खळबळ असते. लोक तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतात. तुमच्यात क्षमता आहे, संधी मिळालेली नाही. हे कुणाला लागू पडणार नाही? टाइप टेस्टच्या वर्णनात अशी वाक्यं भरपूर असतात आणि एक फायदा जास्तीचा असतो: तुम्हीच दिलेली उत्तरं ती तुम्हाला सजवून परत देते. ‘मला एकटं राहायला आवडतं’ हे पाच वेळा टिक केल्यावर ‘तुम्हाला एकांत प्रिय आहे’ असं वाचून चकित व्हायचं कारण नाही.

त्यामुळे ‘मला पटलं’ हा चाचणी खरी असल्याचा पुरावा होत नाही. पुरावा कसा तपासतात, याचा एक चांगला नमुना पुण्यात घडला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. त्यातल्या प्रत्येकी ४० पत्रिका ज्योतिषांना पाठवल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते सांगा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी आली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास बरोबर आली असती.

इथे पत्रिका कुणाला ‘पटते’ हे विचारलंच नव्हतं. ज्याची शहानिशा करता येईल असं काहीतरी आधी सांगा, मग पडताळू, एवढाच नियम होता. टाइप टेस्टलाही हाच नियम लावायला हवा. अमुक टाइपचे लोक अमुक कामात खरोखर पुढे जातात का? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९९१ मध्ये एमबीटीआयवरचं संशोधन तपासलं, तेव्हा करिअरच्या सल्ल्यासाठी ही चाचणी वापरण्याइतका भक्कम अभ्यास उपलब्ध नसल्याचा निष्कर्ष निघाला.

स्वभाव मोजताच येत नाही का?

येतो, पण तो काही टक्क्यांत येतो, प्रकारांत नाही. आज संशोधनात जास्त वापरली जाणारी पद्धत पाच गुणांची आहे: नवं स्वीकारण्याची तयारी, कामातला नेटकेपणा, बहिर्मुखता, इतरांशी जमवून घेणं आणि चिंता-चिडचिड यांकडे असणारा ओढा. या पाचव्या गुणाला एमबीटीआयमध्ये जागाच नाही. कदाचित म्हणूनच तिचे निकाल सगळ्यांना गोड वाटतात. ‘तुम्ही लवकर घाबरता’ असं छापलेला स्क्रीनशॉट कोण शेअर करेल?

या पद्धतीची सुरुवात शब्दकोशातून झाली, हे मजेशीर आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. ज्या गुणाला माणसं महत्त्व देतात त्याला भाषेत शब्द असतोच, असा त्यामागचा विचार. नंतरच्या संशोधकांनी त्यांची गाळणी करत करत पाच गट काढले. मराठीत हाच उद्योग केला, तर भिडस्त, हेकट, आगाऊ, घुमा, बोलघेवडा, आतल्या गाठीचा, मनमिळाऊ अशी रास पडेल. यातल्या ‘भिडस्त’ला इंग्रजीत एका शब्दात पकडणं अवघड आहे आणि अमेरिकेत बनलेल्या प्रश्नावलीत तो सापडणारही नाही.

म्हणूनच परदेशी चाचणी नुसती भाषांतर करून चालत नाही. व्ही. व्ही. कामत यांना हे नव्वदएक वर्षांपूर्वी उमगलं होतं. स्टॅनफर्ड-बिने ही बुद्धिमापन चाचणी त्यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बांधली, मुलांवर घेऊन पाहिली आणि कुठल्या वयाच्या मुलाला काय यायला हवं याचे इथले निकष ठरवले. त्यांचं ‘भारतीय मुलांचं बुद्धिमापन’ या विषयावरचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये आलं. बिने-कामत चाचणीचं नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही माहीत असतं. मोबाइलवरच्या मराठी चाचण्यांत ‘पार्टीत तुम्ही अनोळखी लोकांशी बोलता का’ असा प्रश्न तसाच येतो. हळदीला किंवा पालखीला आख्ख्या गावाशी बोलणारी मुलगी त्यावर ‘नाही’ म्हणते, कारण ती पार्टीला कधी गेलेलीच नसते. निकाल येतो, अंतर्मुख.

पाच गुणांच्या चाचण्यांचाही आवाका मर्यादित आहे. नेटकेपणाचे गुण जास्त असलेली माणसं कामात सरासरीने थोडी बरी ठरतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण ‘सरासरीने’ आणि ‘थोडी’ हे दोन्ही शब्द तिथे महत्त्वाचे. शिवाय हे गुण वयानुसार सरकतात. विशीनंतर बहुतेकांचा नेटकेपणा वाढतो, मन थोडं स्थिरावतं. सोळाव्या वर्षीचा निकाल चाळिशीपर्यंत जपून ठेवण्याजोगा नसतो.

कल, बोटांचे ठसे आणि नोकरी

महाराष्ट्राने हा प्रयोग सरकारी पातळीवरही पाहिला आहे. राज्य शिक्षण मंडळाने २०१६ मध्ये श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. पुढची काही वर्षं ती होत राहिली. ती व्यक्तिमत्त्वाची चाचणी नव्हती. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, एवढंच ती विचारत होती. पण घरोघरी निकालाचा अर्थ ‘सरकारने सांगितलं, हा कॉमर्सचा’ असा लावला जाण्याचा धोका होताच. आवड म्हणजे क्षमता नव्हे. आणि आवडही मुलाने काय पाहिलंय त्यावर ठरते. धाटावला शिफ्टला जाणारे काका रोज दिसतात, पण भूगर्भशास्त्रज्ञ किंवा ऑडिटर काय काम करतो हे कुणी दाखवलेलंच नसेल, तर त्या रकान्यात टिक कशी पडणार? अशा चाचणीचा उपयोग बोलणं सुरू करायला होतो. ती गप्पा थांबवायला वापरली, की तिचा उपद्रव सुरू होतो.

याहून सावध राहायला हवं ते बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटी चाचणीपासून. शाळांमधून, क्लासमधून ती पालकांना पैसे घेऊन विकली जाते. ठशांच्या रेषा बाळ पोटात असतानाच, गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. त्यांचा गणिताशी किंवा संगीताशी संबंध सिद्ध झालेला नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. एमबीटीआय निदान तुम्हाला काहीतरी विचारते तरी. ही चाचणी मुलाशी एक शब्दही न बोलता निकाल देते.

नोकरीच्या वेळी कुणी टाइप टेस्ट पुढे केली, तर एक गोष्ट माहीत असलेली बरी. उमेदवार निवडण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी एमबीटीआय वापरू नये, असं ती चाचणी पुढे नेणारी मायर्स-ब्रिग्जची संस्थाच सांगते. मुलाखतीच्या टेबलावर हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.