16 इंची काठवट आणि मोठी खराद

वऱ्हाडात ज्वारीचे पीठ मळायला लाकडाची काठवट लागते. स्टीलची परात आली, तरी ज्यांच्या हाताला काठवटीची सवय आहे त्यांना परातीतली भाकरी मनासारखी थापता येत नाही. पूर्वी सुतार ओंडका घेऊन वाकसाने काठवट कोरून देत. आता असे कोरून देणारे हात गावोगाव कमी झाले आहेत आणि ज्यांच्या घरी हौसेची खराद, म्हणजे लाकूड कातायचे यंत्र, आहे, त्यांच्याकडे आई, मावशी, शेजारीण हमखास विचारते, ‘काठवट होईल का रे याच्यावर?’

होत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या छोट्या खरादीवर 10 ते 12 इंच व्यासाचेच लाकूड फिरते. लाटणे, रवी, भोवरा, कुंकवाचा करंडा, देव्हाऱ्याचे खांब हे सगळे तिच्यावर सुरेख होते. पाच-सहा माणसांच्या भाकरीची काठवट मात्र 15-16 इंचांची हवी. मोठ्या खरादीचा विचार इथून सुरू होतो आणि बहुतेक लोक तो इंचांपाशीच थांबवतात. खरादीची निवड इंचांवर कमी आणि वजनावर व संथ फिरण्यावर जास्त करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. चांगल्या कातकामाला मोठे यंत्र लागतेच असे नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाखेच्या रंगांची खेळणी आणि लाकडी फळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी तर जगभर जातात. या दोन्ही ठिकाणचे बरेचसे काम मुठीत मावणारे, दोन-चार इंचांचे असते. लाकूडही हलके. चन्नपट्टणचे कारागीर ज्या झाडाला आले मारा म्हणतात तो आपला काळा कुडा, सातपुड्याच्या उतारावरही उगवणारा. अशा कामाला वेग हवा, वजन नको. ज्याला करंडे आणि भोवरेच करायचे आहेत, त्याने आहे ती खराद ठेवावी आणि पैसे चांगल्या पटाश्यांवर खर्च करावेत.

काठवटीचे गणित वेगळे आहे. 16 इंच व्यासाचा आणि 5 इंच जाडीचा ओल्या आंब्याचा ठोकळा 15-16 किलो भरतो. तो कधीच सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला गाभा, मध्येच गाठ. समजा मध्यापासून 18 सेंटीमीटरवर एका बाजूला अर्धा किलो वजन जास्त आहे. छोट्या खरादीचा सर्वांत कमी वेग पुष्कळदा मिनिटाला 500 ते 750 फेरे असतो. 750 फेऱ्यांना तो अर्धा किलो यंत्राला सुमारे 57 किलोच्या जोराने बाहेर ओढतो, तेही सेकंदाला साडेबारा वेळा, दर वेळी फिरत्या दिशेने. यंत्राचे स्वतःचे वजन 40 किलो. ते टेबलासकट नाचणार, यात नवल काही नाही.

तोच ठोकळा 300 फेऱ्यांवर फिरवला, तर तो जोर नऊ किलोवर येतो. वेग अर्ध्याहून कमी झाला आणि जोर सहापटीने उतरला. म्हणून मोठी खराद पाहायला गेल्यावर सर्वांत जास्त वेग किती, हा प्रश्न बाजूला ठेवावा. सर्वांत कमी किती, ते विचारावे. 100 फेऱ्यांच्या आसपास सुरुवात होत असेल तर यंत्र काठवटीच्या कामाचे. कातकाम करणाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे: इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हे उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान असावे. 16 इंचांना म्हणजे साधारण 375 ते 560 फेरे, आणि तेही ठोकळा गोल झाल्यानंतर. ओबडधोबड असताना त्याहूनही खाली.

आता वजन. माझ्या मते काठवटीसाठी यंत्र निदान 200 किलोचे हवे. परदेशात 20 इंची कामासाठी नावाजलेल्या पॉवरमॅटिक 3520 सी या खरादीचे वजन सुमारे 330 किलो आहे आणि त्यातला बहुतेक भाग ओतीव लोखंड आहे. ते वजन शोभेसाठी ठेवलेले नाही. ओतीव लोखंड कंप जिरवते. पत्र्याची पोकळ चौकट तोच कंप वाढवून हाताशी आणून देते. ज्यांना एवढे जड यंत्र परवडत नाही, त्यांनी दणकट चॅनेलचे पाय करावेत आणि पायांमधल्या पेटीत कोरडी वाळू भरावी. वाळू स्वस्त असते, कंप चांगला खाते आणि घर बदलायचे झाले तर ओतून देता येते.

आता ते घरी आणायचे कसे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या जळगाव जामोदला रेल्वे नाही, जवळचे स्टेशन नांदुरा. यंत्र राजकोटहून घ्या नाहीतर पंजाबातल्या बटाला-लुधियानाहून, ते शेवटी ट्रकनेच दारात येते. उतरवताना एक लक्षात ठेवावे की खरादीचे वजन मोटार आणि हेडस्टॉक (लाकूड फिरवणारा भाग) असलेल्या डाव्या टोकाला एकवटलेले असते. मधोमध दोर बांधून उचलली की ती डावीकडे कलंडते. टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार), मोटार आणि टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार) आधी सोडवून घ्यावेत आणि चेन पुलीचा दोर हेडस्टॉकच्या जवळ घ्यावा.

ती ठेवायची कुठे, हाही आपल्याकडचा खास प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मातीच्या जमिनीवर नुसती शहाबादी फरशी टाकून जड खराद उभी केली, तर वर्षभरात बेडची पातळी बिघडते. काळी माती उकरून काढून मुरूम ठोकावा, वर काँक्रीट घालावे आणि चारही पायांखाली जाड रबर द्यावे. स्पिंडल आपल्या कोपराच्या उंचीला यायला हवा. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पुराचे पाणी कुठवर चढले होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ओटा थोडा उंचच घ्यावा.

विजेचा भाग सर्वांत जास्त चुकतो. घरात सिंगल फेज 230 व्होल्टचा पुरवठा असतो. एवढ्या कामाला दोन हॉर्सपॉवरची मोटार लागते. सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटार बसवली तर वेग बदलायला पुलीवरचा पट्टा सरकवत बसावे लागते, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज उतरले की ती तापते. त्यापेक्षा थ्री फेज मोटार आणि तिच्यासोबत सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी हा वेग-नियंत्रक घ्यावा. एक बटण फिरवून वेग हवा तसा करता येतो, मोटार हळूहळू उठते, एकदम झटका देत नाही. मात्र आपल्याकडे या मापाची थ्री फेज मोटार बहुधा 415 व्होल्टसाठी स्टार जोडणीत येते. 230 व्होल्टच्या व्हीएफडीवर ती डेल्टात जोडावी लागते. मोटारीच्या पाटीवर तसे लिहिलेले आहे का, हे विकत घेण्याआधीच वाचावे.

व्हीएफडी आहे म्हणून पुल्या काढून टाकू नका. 50 हर्ट्झची मोटार 25 हर्ट्झवर चालवली, की तिची ताकद निम्मी होते. दोन हॉर्सपॉवरसाठी पैसे मोजायचे आणि काठवटीला एकच मिळायची. शिवाय तिचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि मोटार तापते. दोन-तीन टप्प्यांच्या पुल्या ठेवाव्यात, मोठ्या लाकडासाठी पट्टा संथ टप्प्यावर घ्यावा आणि मोटार तिच्या मूळ वेगाजवळ राहू द्यावी. अर्थिंग मात्र खरे हवे. बोर्डावर तिसरे भोक आहे, पण त्याच्यामागे तार नाही, अशी घरे आपल्याकडे खूप आहेत. वायरमनला बोलावून ते आधी तपासून घ्यावे.

मापांची भाषाही समजून घ्यायला हवी. आपल्याकडचे विक्रेते पुष्कळदा सेंटर हाइट सांगतात, म्हणजे बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची. 9 इंच सेंटर हाइट म्हणजे 18 इंचांचे लाकूड फिरेल. बाहेरून आलेल्या यंत्रांवर थेट स्विंग, म्हणजे पूर्ण व्यास, लिहिलेला असतो. हा घोळ झाला की 16 इंचांची समजून 32 इंची तरी घेतली जाते, नाहीतर 8 इंची. 16 इंची काठवटीला 18 ते 20 इंचांचा स्विंग पुरतो, कारण ठोकळा नेहमी इंचभर मोठा कापलेला असतो.

लांबीचा मोह मात्र सोडावा. जुन्या सुतारी कारखान्यांतल्या खरादी चार-पाच फुटांच्या असायच्या, कारण पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, मुसळे त्यांच्यावर होत. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा तर जाड आणि जडच. रबरी टायरच्या गाड्या आल्या, पलंग पेटीचे झाले आणि ते काम आटले. घरी दोन फूट लांबी भरपूर होते. वाचलेले पैसे जाडजूड हेडस्टॉकवर लावावेत. जिचा हेडस्टॉक बेडवर सरकवून टोकाशी आणता येतो, ती मिळाली तर उत्तम. मग बेडवर ओणवे न होता समोर उभे राहून वाडग्याचे पोट कोरता येते.

स्पिंडलचे आटे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोठ्या खरादींना एम 33 गुणिले 3.5 किंवा सव्वा इंच 8 आट्यांचे स्पिंडल असते, लहानांना पुष्कळदा 1 इंच 8 आट्यांचे. देशी यंत्रांवर कारखान्याने आपल्याच हिशेबाचे आटे पाडलेले असू शकतात आणि त्यांना बाजारातला चक (लाकूड पकडणारा भाग) बसत नाही. आतले टेपर मोर्स नंबर 2 असावे. बेअरिंग 6207, 6208 अशा सर्वसाधारण क्रमांकांच्या असल्या तर खामगाव-अकोल्याला काउंटरवर मिळतात. वेगळ्या जातीची बेअरिंग म्हणजे तीन आठवडे यंत्र बंद. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने दुरुस्ती गावातच होईल असेच यंत्र निवडावे, हे माझे दुसरे ठाम मत.

जुनी धातूची लेथ घेऊन तिच्यावर लाकूड कातणारेही असतात. वजन आणि संथ वेग, दोन्ही तिच्याकडे असतात. पण वरचा वेग कमी, त्यामुळे लाटणे-रवीचे काम खडबडीत होते, आणि लाकडाचा भुसा तेलाच्या सरकत्या भागांत बसतो. फक्त मोठी भांडी करायची असतील तरच तिच्याकडे पाहावे.

लाकडाबद्दल दोन शब्द. सातपुडा डोक्यावर असला, तरी झाड तोडायला कायदा आहे. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, हळदू, तिवस ही झाडे आहेत; स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. काठवटीला आंबा आणि शिवण चांगले. कडुनिंब कातायला गोड, पण पिठाला कडवट वास लागतो. सागात वाळूचा अंश असतो, पटाशीची धार लवकर जाते. ओले लाकूड आधी जाडसर कातून ठेवावे, जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे 16 इंचांना दीड इंचाच्या वर. टोकाच्या रेषांवर मेण लावावे. हे काम पावसाळ्यात करावे. मे महिन्यात 44 अंशांच्या झळांत ओली काठवट रात्रीतून तडकते. काही महिन्यांनी ती वाळते, लंबगोल होते, मग पुन्हा चढवून शेवटचे कातकाम करायचे. शेवटी घाणीचे जवसाचे तेल. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल नको, त्यात वाळवणारी धातूंची संयुगे असतात.

पटाशी चांगल्या हायस्पीड स्टीलचीच हवी. जुन्या कानशीची पटाशी लाटण्याला चालून जाते. काठवटीत ती अडकली तर मोडून अंगावर येते. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, ओढणी किंवा उपरणे बाजूला, बाह्या घट्ट, आणि यंत्र सुरू करताना ठोकळ्याच्या रेषेत उभे राहायचे नाही. जोवर जमते तोवर टेलस्टॉकचा आधार काढायचा नाही.

घरी मोठी खराद घ्यायची असेल, तर 18 ते 20 इंच स्विंग, दोन फूट लांबी, 200 किलोंच्या वर वजन, 100 फेऱ्यांपासून सुरू होणारा वेग आणि दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार एवढ्यावर अडून राहा. रंगीत पडदा, डिजिटल आकडे आणि सोबत फुकट मिळणारा पटाश्यांचा संच नसला तरी चालेल.