टर्बो बसवल्यानंतर गाडी धूर का मारते?

नरसी नामदेव परिसरातून हिंगोलीच्या बाजारात हळद नेणाऱ्या आणि परतवारीच्या एकादशीला वारकऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांत जुन्या डिझेल जीपही असतात. अशा बिनटर्बोच्या इंजिनावर बाहेरून टर्बो बसवून घेण्याची हौस मालकांना असते, आणि ते काम आपल्या मिस्त्री बांधवांकडे येते. आठ दिवस गाडी चांगली पळते, मग धूर मारते, ऑइल खाते. मालक म्हणतो, टर्बो खराब निघाला. दुसरा बसवला तर तोही जातो. गिऱ्हाईक तुटते आणि गाळ्याचे नाव खराब होते. बहुतेक वेळा दोष टर्बोत नसून त्याच्या आजूबाजूला असतो.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि साधारणपणे ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून तपासणी ऑइलपासून सुरू करावी.

निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. टर्बो खोलण्याआधी परतीचा पाइप पाहावा. ऑइल टर्बोत दाबाने येते, परत मात्र स्वतःच्या वजनाने उतरते. तेव्हा हा पाइप जाड, सरळ उताराचा हवा आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. गॅस्केटऐवजी पेस्ट फासली तर ती आत दबून वाट बुजवते, ऑइल तुंबते आणि सील ओलांडून हवेच्या पाइपात शिरते. पाइप साफ असेल तर ऑइलचे झाकण काढून पाहावे. भकाभका वाफ येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते. ब्रीदर चोक आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. रिंगा गेलेल्या इंजिनावर टर्बो बसवूच नये. आधी बोरचे काम, नाहीतर गिऱ्हाइकाला सरळ नकार.

नवा टर्बो कोरडा फिरवू नये. आत स्वच्छ ऑइल घालावे, डिझेल बंद ठेवून सेल्फ मारावा, ऑइल पोचल्यावरच इंजिन चालू करावे. चढ चढून आल्यावर गाडी मिनिट-दोन मिनिटे आयडलवर ठेवून मग बंद करावी, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जळून कोळसा होतो. हे ड्रायव्हरला बजावून सांगितलेच पाहिजे.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. इथे अनेकांचा हात आधी पंपाच्या स्क्रूकडे जातो. आधी फिल्टर, होज आणि क्लिपा पाहाव्यात. कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबाने सोडून जोडांना साबणाचे पाणी लावले की गळती दिसते. सगळे घट्ट असूनही धूर राहिला, तरच पंप कमी करावा. बिनटर्बोच्या डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच जास्त असते. त्यात डिझेलही वाढवले तर हेड गॅस्केट उडते, पिस्टनचा माथा वितळतो.

हलकी शिट्टी स्वाभाविक आहे. धातू घासल्यासारखा आवाज आला तर थंड इंजिनावर दांडा बोटाने हलवून पाहावा. बाजूला किंचित हलणे चालते, पण चाक कवचाला घासत असेल तर टर्बो संपला.

सर्वांत मोठा धोका वेगळाच. ऑइल हवेच्या वाटेने शिरले की इंजिन त्यावरच भडकते आणि चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून ते बंद पाडावे किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबावी. हात कधीही लावू नये.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काम हाती घेण्याआधी मालकाला हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करायला सांगावे, आणि उत्तराचा कागद पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.