मनगटाला आठवणारी माती

ओहोटीच्या वेळी आमच्या गोराईच्या किनाऱ्यावर आलात, तर एकाच पुळणीवर दोन तऱ्हेची जमीन भेटेल. पाण्याजवळची ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते, तिच्यावर चेंडू सुसाट पळतो. वरची कोरडी वाळू मात्र त्याला पावलोपावली अडवते. परवा एक मुलगा वाकड्या काठीने चेंडू हाकत मुद्दाम कोरड्या वाळूत खेळत होता. त्याला पाहून मला धनराज पिल्ले आठवला.

धनराजचा जन्म 16 जुलै 1968 चा, खडकीतला. वडील नागलिंगम ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखत. घरात तमिळ, दाराबाहेर मराठी. नवी स्टिक घेण्याची ऐपत नव्हती. मोडक्या स्टिका, टाकून दिलेले चेंडू आणि वसाहतीतली धुळीची मऊ जमीन, ही त्याची शाळा.

ही शाळा काय शिकवते? हॉकीची स्टिक एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोलसर असते आणि गोलसर बाजूने चेंडू खेळायला मनाई आहे. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी रबराची चकती असते आणि ती पात्याच्या दोन्ही बाजूंनी हाकता येते. आपल्या हॉकीत चेंडू डावीकडून उजवीकडे न्यायचा, तर क्षणात मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. त्यात जमीन उंचसखल असेल, तर चेंडू कधी उसळेल याचा नेम नाही. म्हणून तो स्टिकला चिकटवूनच न्यावा लागतो. आपल्याकडची मनगटी कला अशी मातीतून आली.

1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. त्या सपाट मैदानावर लांब पास आणि दमसास यांना भाव आला. भारत तिथे सातवा आला. मनगटाचे दिवस सरले, असे अनेकांना वाटले.

धनराज 1989 मध्ये भारताकडून खेळू लागला आणि त्याने या दोन्हींची सांगड घातली. मनगट खडकीच्या मातीचे, वेग नव्या मैदानाचा. लांब केस उडवत, चेंडूसह भरधाव धावत तो बचावपटूंच्या मधून निसटायचा. त्याचा आदर्श होता मोहम्मद शाहिद. लहानपणी तो शाहिदच्या शैलीची नक्कल करी. आम्ही कवीही उस्तादांची नक्कल करतच लिहायला लागतो. आपला सूर पुढे कधीतरी सापडतो.

पण मी गरिबीचे गोडवे गाणार नाही. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होता, म्हणून धनराजला मुंबईची वाट मिळाली. जोकिम कार्व्हालो यांनी त्याला पैलू पाडले. महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जागा मिळाली. पुढे जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स, मलेशिया इथल्या क्लबांकडूनही तो खेळला. कला मातीने दिली, पण ती जगली भाकरीच्या आधाराने.

तो आधारही किती कच्चा! 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर त्याच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. सामन्यांच्या मानधनाबद्दल बोलल्याची ही शिक्षा, असे तेव्हा उघड बोलले गेले. धनराज परतला आणि 2003 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने आशिया चषक जिंकला. 1992 ते 2004 अशी चार ऑलिंपिक तो खेळला. ऑलिंपिक पदक मात्र हुलकावणी देत राहिले.

त्या दिवशी निघताना मी त्या मुलाला विचारले, ‘‘अरे, ओली वाळू सोडून इथे का खेळतोस?’’

तो म्हणाला, ‘‘काका, तिथे बॉल आपोआप पळतो. इथे पळवावा लागतो.’’

त्याच्या हाती एक चांगली स्टिक कोण देणार, एवढाच प्रश्न घेऊन मी घरी आलो.