नाणेफेक विसरणारे विजेते

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या वस्त्यांमधूनही 'व्यापार'चा पट मांडला जातो. मुंबई, दिल्ली विकत घ्यायची, घरे बांधायची, दुसऱ्याची सोंगटी आपल्या जागेवर आली की भाडे उकळायचे. तासा-दोन तासांत एकाकडे नोटांचा ढीग आणि बाकीचे दिवाळखोर. पोरे घरात बसून खेळतात म्हणून आईबापही निर्धास्त. पण खेळाचे नियम कुणीतरी लिहिलेले असतात आणि ते खेळणाऱ्याची मानसिकता घडवतात, हे आपण कधी ध्यानात घेतो काय? ज्या बाईने या खेळाचा मूळ पट आखला, तिने तो नेमका याच हेतूने आखला होता.

तिचे नाव एलिझाबेथ मॅगी. अमेरिकेतली ही लघुलेखिका हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या विचारांची होती. जमीन कुणी माणसाने निर्माण केलेली नाही, तेव्हा तिच्या वाढत्या किमतीचा लाभ एकट्या मालकाने न लाटता तो कररूपाने समाजाकडे यावा, अशी जॉर्ज यांची मांडणी. ती सामान्य माणसाला समजावी म्हणून मॅगीने 'लँडलॉर्ड्स गेम' तयार केला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. तिने नियम दोन प्रकारचे दिले होते. एका नियमाने खेळले की एक जमीनदार सर्वांना नागवतो. दुसऱ्या नियमाने जमिनीचे भाडे सार्वजनिक तिजोरीत जाते आणि सगळ्यांची भरभराट होते. पट तोच, फासे तेच, माणसेही तीच. फरक फक्त नियमांचा!

पुढे काय झाले? हा पट हाताने काढून घराघरांत खेळला जात राहिला. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने तो चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाचा शोध म्हणून 'मोनोपॉली' या नावाने बाजारात आणला. मॅगीचे पेटंट कंपनीने ५०० डॉलरला विकत घेतले, मानधनाचा हिस्सा काही नाही. जगभर गेले ते जमीनदाराचेच नियम. सार्वजनिक तिजोरी पटावरून गायब झाली.

या नियमांचा मनावर काय परिणाम होतो, हे पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात तपासले आणि २०१३ साली एका व्याख्यानात जाहीरपणे सांगितले. अनोळखी माणसांच्या शंभरावर जोड्या 'मोनोपॉली' खेळायला बसवल्या. नाणे उडवून एकाला श्रीमंत ठरवले. त्याला दुप्पट पैसे, दोन फासे आणि फेरी पूर्ण केल्यावर दुप्पट पगार. दुसऱ्याला एकच फासा. निकाल उघडच होता. पाहण्यासारखे होते ते वर्तन. श्रीमंत खेळाडू सोंगटी जोराने आपटू लागला, जवळ ठेवलेली खारी बिस्किटे जास्त खाऊ लागला, समोरच्याला हिणवू लागला. शेवटी विचारले, तुम्ही का जिंकलात? तेव्हा त्याने आपले डावपेच सांगितले. कोणती जागा केव्हा घेतली, कशी घेतली. पंधरा मिनिटांपूर्वीचे नाणे त्याच्या बोलण्यात नव्हते.

आमच्या वाचकांना हा खेळाडू ओळखीचा वाटेल. पिढ्यान्‌पिढ्या दोन फासे टाकणारा माणूस जेव्हा 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून टाहो फोडतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, त्याला तसेच खरे वाटत असते! हेच अधिक गंभीर आहे. खोटे पाडता येते. विसरलेले आठवून द्यावे लागते. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच केले. स्पर्धा परीक्षेतील गुणांमागे सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक भांडवल उभे असते, केवळ गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आणि एका फाशाने खेळणारा? त्याचाही हळूहळू समज होतो की आपल्यालाच खेळता येत नाही. माझ्या मते हे नुकसान नोटांच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे.

मॅगीचे नाव आज आपल्याला कळते, तेही एका खटल्यामुळे. राल्फ अनस्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ साली मक्तेदारी मोडण्याचा खेळ काढला, 'अँटी-मोनोपॉली'. नावावरून वाद न्यायालयात गेला. १९७७ मध्ये त्याच्या खेळाच्या सुमारे ४० हजार प्रती मिनेसोटातल्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. बचावासाठी जुने पुरावे शोधताना त्याला मॅगीचे पेटंट सापडले. अपील न्यायालयाने १९८२ साली त्याच्या बाजूने कौल दिला आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. वकील म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. १९८४ साली तिथल्या संसदेने व्यापारचिन्हांचा कायदाच दुरुस्त केला आणि ज्या कसोटीवर अनस्पाक जिंकला ती कसोटीच काढून टाकली. डाव हरला की नियम बदलतात, ते असे.

हे पाहायला मॅगी हयात नव्हती. १९४८ साली ती वारली. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत तिच्या नावापुढे व्यवसाय लिहिला आहे 'खेळ बनवणारी' आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य.