आर्नोकाठची कोल्हापूरची छत्री

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला इटलीला जायचं, हे आमचं बरंच आधी ठरलं होतं. इटलीला जाणाऱ्या मराठी जोडप्यांचा मार्ग ठरलेला असतो. रोमचं कलोसियम, व्हॅटिकनमधलं सिस्टीन चॅपल, व्हेनिसमधली गंडोला, पिसाच्या कललेल्या मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो. हे सगळं पाहावंच. सिस्टीन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोनं 1508 ते 1512 अशी चार वर्षं काम केलं. ते पाहताना मान दुखून येते, पण नजर हटत नाही. शेन्गेन व्हिसाचे कागद वेळेत जमवा. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्या, बसून प्यायली तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात. शाकाहारी माणसाची इटलीत अजिबात उपासमार होत नाही. एवढं सांगून मी थेट फ्लॉरेन्सला येते. मला सांगायचंय ते तिथलं आहे.

फ्लॉरेन्सवर आम्हा दोघांचा वेगवेगळा हक्क. नवरा सिव्हिल इंजिनिअर, त्याचा जीव तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटात. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या सोनारकाम शिकलेल्या माणसानं 1420 ते 1436 या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता तो बांधला. चाळीस लाखांहून जास्त विटा त्यात आहेत. 463 पायऱ्या चढताना दोन कवचांमधली वाट लागते. तिथे विटांची तिरकी, एकमेकींत अडकवलेली रचना हातभर अंतरावरून दिसते. खाली घसरू पाहणारा थर उभ्या विटा कशा धरून ठेवतात, हे नवऱ्यानं त्या अरुंद जिन्यातच मला समजावलं. मागच्या लोकांचा खोळंबा झाला, पण घुमट मला कळला.

माझा हक्क मात्र शहराच्या पश्चिम टोकाला होता. मी कोल्हापूरची, राजाराम कॉलेजची विद्यार्थिनी. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकले, ते राजाराम महाराज इटलीत वारले, हे तेव्हा कळलं आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. करवीरच्या गादीवरचे छत्रपती राजाराम, दुसरे राजाराम, 1870 मध्ये इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मानणाऱ्या काळात हा विशीतला राजा बोटीवर चढला. व्हिक्टोरिया राणीला भेटला. रोज पाहिलेलं इंग्रजीत लिहून ठेवलं. परतीच्या प्रवासात तब्येत ढासळली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांनी देह ठेवला. वय अवघं वीस. सोबत असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्टनं ती रोजनिशी संपादित केली. ती 1872 मध्ये लंडनला छापून आली.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. कॅथलिक देशात दहनाची प्रथा नव्हती. इटलीतलं पहिलं आधुनिक दहन मिलानला झालं ते 1876 मध्ये. म्हणजे त्याच्या पाच वर्षं आधी राजाच्या माणसांनी परक्या शहरात चितेची खास परवानगी मिळवली. जागा निवडली तीही आपल्या रीतीनं, दोन नद्यांचा संगम. कॅशिने उद्यानाच्या टोकाला मुन्योने नदी आर्नोला मिळते, तिथे अग्नी दिला गेला. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या पाहत वाढलेल्या मला ही निवड फार जवळची वाटते.

याच कॅशिनेशी इंग्रज कवी शेलीचंही नातं आहे. आर्नोकाठच्या या वनराईतच 1819 मध्ये त्याला पश्चिमी वाऱ्यावरची ती प्रसिद्ध कविता सुचली, असं मानतात. 1822 मध्ये तो समुद्रात बुडाला आणि रोगराईच्या नियमांमुळे व्हिआरेज्जोच्या किनाऱ्यावर त्याचं दहन झालं. एकाच टस्कनीत पन्नास वर्षांच्या आत एक कवी आणि एक छत्रपती चितेवर गेले, दोघेही तरुण.

ट्रॅमच्या कॅशिने थांब्यावर उतरून आम्ही नदीकाठानं चालत निघालो. उद्यान लांबलचक आहे, पाऊण तास तरी लागतो. सायकलवाले, कुत्री फिरवणारे, पळणारे लोक. मग झाडी संपते आणि चार खांबांवर पेललेली, कोरीव कमानींची छत्री उभी दिसते. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यानं योजला तोच हा. आत चार्ल्स फुलर या शिल्पकारानं केलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. डोक्यावर पगडी, गळ्यात मोत्यांचे सर, आणि चेहरा फार कोवळा. 1874 मध्ये हे स्मारक उभं राहिलं. शेजारच्या विसाव्या शतकातल्या पुलाला ‘इंडियानो’ म्हणतात ते याच राजामुळे. फ्लॉरेन्सकर या पुलावरून रोज जातात.

मी चप्पल काढून नमस्कार केला. नवऱ्यानं कमानींची जोडणी न्याहाळली आणि म्हणाला, “अगं, घुमटाइतकंच हेही दाखवायला हवं लोकांना.”

मला वाटतं, राजाराम महाराजांकडे आपलं फार दुर्लक्ष झालं. त्यांच्यानंतरच्या शाहू महाराजांचं कार्य एवढं मोठं आहे की चारच वर्षं गादीवर बसलेला हा वाचणारा, लिहिणारा, जग पाहायला निघालेला राजा झाकोळला गेला. त्यांची रोजनिशी प्रत्येक मराठी वाचनालयात असायला हवी. टूर कंपन्यांच्या फ्लॉरेन्सच्या कार्यक्रमात हे ठिकाण आम्हाला दिसलं नाही. म्हणून तुम्हीच मागणी करा. फ्लॉरेन्सला गेलात तर एक सकाळ कॅशिनेसाठी राखून ठेवा आणि आपल्या राजाला भेटून या.